निळ्या कोपऱ्यातलं स्टूल

मी एक जुनं लाकडी स्टूल आहे, आणि मित्रांनो, माझ्याइतक्या मानाचं आसन जगात दुसरं नसेल. थायलंडची विजेती माझ्यावर बसली आहे. केनियाची बसली, फिलिपिन्सची बसली, उझबेकिस्तानची बसली. इतक्या देशांच्या विजेत्या दिल्लीच्या तख्तावरही बसल्या नाहीत. प्रत्येक विजेती एका वेळी एकच मिनिट बसली आणि शेवटी त्या सगळ्या हरल्या, एवढी बारीकशी बाब सोडली तर मला मान ताठ ठेवायला हरकत नाही.

माझा जन्म चक्रीवादळाचा. त्या वर्षी दिवेआगरात नारळी-पोफळी आडव्या झाल्या, त्यांच्यासोबत एक फणसही पडला. बोर्ली पंचतनच्या अंबाजी सुतारानं त्या फणसाची दारं केली, देव्हारा केला आणि उरल्यासुरल्या तुकड्यांत मला उरकलं. माझा एक पाय किंचित आखूड निघाला. "स्टुलाला काय झालंय? तुमची जमीन सारखी करून घ्या," असं अंबाजीनं गिऱ्हाइकाला ऐकवलं. कारागीर आपल्या कामाच्या पाठीशी उभा राहतो तो असा.

गिऱ्हाईक म्हणजे विपुलशेठ. बोर्लीच्या रस्त्याला त्यांचं लग्नाचं लॉन आहे. तिथे माझ्यावर अक्षतांची परात असे, मग भटजींचा चहा, मग फोटोग्राफर बुटांसकट चढे. ते माझे सुखाचे दिवस. "हलतंय हे," यापलीकडे मला कुणी वाईट बोललं नाही.

पण मित्रांनो, पाऊस ओसरल्यापासून तुळशीचं लग्न लागेपर्यंत मुहूर्त नसतात, आणि विपुलशेठना रिकामं लॉन बघवत नाही. ऑर्केस्ट्रा करून झाला, भजनस्पर्धा करून झाली. मग त्यांना कुणीतरी बायकांचं बॉक्सिंग सुचवलं. वधू-वरांच्या स्टेजवर होडीचे दोर ताणून रिंग उभी राहिली. एक लाल कोपरा, एक निळा. लाल कोपरा आपल्या पोरीचा, निळा बाहेरून आलेल्या पाहुणीचा. दोन राऊंडच्या मधे दम घ्यायला लाल कोपऱ्यात नवरदेवाची मखमली खुर्ची ठेवत. ती उचलून आत न्यायला दोन माणसं लागत. निळ्या कोपऱ्यात मी.

हरायचे या खेळात बरेच मार्ग आहेत. त्यातला सगळ्यात सभ्य मार्ग माझ्यावरून जातो. घंटा वाजली आणि बॉक्सर स्टुलावरून उठलीच नाही, की लढत संपली. नाक शाबूत, डोळे शाबूत, पुढच्या महिन्यात दुसऱ्या देशात पुन्हा हरायला मोकळी. विपुलशेठ पाहुणीला हे आधीच समजावून देत. फोनमध्ये मराठीत बोलायचं आणि फोन तिच्या भाषेत सांगायचा. "तिसऱ्या राऊंडनंतर बसून राहायचं," एवढंच ते वाक्य. मी ते इतक्या भाषांत ऐकलं आहे की कुठल्याही देशात मला नोकरी मिळेल.

या बायका काही कच्च्या नव्हत्या. थायलंडची नोई तिच्या गावात शेवयांची गाडी चालवायची आणि तिथली राणी होती. उझबेकिस्तानची दिलफुझा पोलिसांना मारामारी शिकवायची. फिलिपिन्सच्या मारिसेलला तीन पोरं, आणि तिच्या गावच्या वेशीवर तिचं चित्र रंगवलेलं. आपापल्या देशात त्या लाल कोपऱ्यात बसत, आणि तिथल्या निळ्या कोपऱ्यात आणखी कुठून तरी आलेली कुणी बसे. जगभरात प्रत्येक विजेती कुठे ना कुठे पाहुणी असते. स्टुलाशिवाय हे कुणाच्या लक्षात येत नाही.

निळ्या कोपऱ्यात पाणी द्यायला, भुवईला व्हॅसलिन चोळायला बुधाजी असे. एरवी त्याचं सायकलचं दुकान. त्याला एकच भाषा येई आणि तीच त्याला पुरे. "नोय, पानी तोंडात घे. गिळू नको, थुक. थुक गो बाय!" नोई थुंकायची. "मारशेल, डावा हात खाली न्हाय सोडायचा, आयशीनं सांगितलं न्हाय तुला?" मारिसेल हात वर घ्यायची. तिसऱ्या राऊंडनंतर मात्र बुधाजी काही बोलत नसे. टॉवेलनं वारा घाली. घंटा वाजे, आणि माझ्यावरचं वजन तसंच राही. नोईनं जाताना माझ्या कडेवर थोपटलं होतं. दिलफुझा रागानं रडली होती, पण बसून रडली.

आणि समोर लाल कोपऱ्यात, दोन्ही हात वर करून नाचणारी असायची कल्पिता.

कल्पिता पालीकडच्या एका खेड्यातली, भातशेतीच्या घरातली. तिच्या हातात खरोखर ताकद होती. नाक्यावर तिचे फलक लागले, ढोल वाजले, शाळांनी बक्षीस द्यायला बोलावलं. समोरची उठली नाही की ती आभाळाकडे बघून हात जोडायची. आपल्या ठोशांनी ती बसली, असं तिला वाटायचं. का वाटू नये? लाल कोपऱ्यातून माझ्यासारखी स्टुलं दिसत नाहीत.

वर्षं गेली. कल्पिताची चौतिशी आली. घरचे म्हणू लागले, आता पुरे. तिला बॉक्सिंगशिवाय काही येत नव्हतं, आणि बॉक्सिंग थकायला लागलं होतं. त्यातच विपुलशेठना नवी मुंबईची सोनल मिळाली. बावीस वर्षांची, उंच, आणि फोनवर तिला बघणारी माणसं आपल्या तालुक्यात मावणार नाहीत इतकी. सोनलला हरवायला म्हणून एक नाव हवं होतं. नाव कल्पिताचं ठरलं.

लढतीच्या दिवशी सकाळी विपुलशेठ माझ्यावर पाय ठेवून बुटाची नाडी बांधत होते. कल्पिता समोर उभी होती.

"बघ कल्पिता, टेन्शन नाय घ्यायचं. तिसऱ्या राऊंडनंतर बसून राहायचं. डोळा दुखतोय बोलायचं, बस. लोकं पण बोलतील, बरं झालं, पोरीनं जीव वाचवला."

"आणि मग?"

"मग अकादमी काढतोय ना मी! पोरींना शिकवायचं. कोच तू. कायमची."

"आणि उठले तर?"

विपुलशेठनी दुसरा पाय माझ्यावर ठेवला. "तर सोनलची माणसं त्यांचा कोच आणतील. मी काय करणार? मी आपला लॉनवाला."

'बसून राहायचं' हे वाक्य तिनं पहिल्यांदाच ऐकलं. मला पाठ होतं.

दुपारी चारला लढत सुरू झाली. चार राऊंडची. पहिल्या राऊंडनंतर कल्पिता सवयीनं लाल कोपऱ्याकडे वळली. तिथे मखमली खुर्चीवर सोनल आधीच टेकली होती. कल्पिता उलटी फिरली, निळ्या कोपऱ्यात आली आणि माझ्याकडे बघत उभी राहिली.

"हे हलतंय, काका."

"बस गो. मिनिटभरात काय सोफासेट येनार हाय?" बुधाजीनं तिला खाली दाबलं.

दुसऱ्या राऊंडनंतर ती धपकन बसली. उजवा डोळा सुजून मिटला होता.

"तिचा हात लांब हाय," बुधाजी म्हणाला.

"दिसतंय मला."

"दिसतंय तर चुकीव की! एका डोळ्यानं बघतेस काय?"

"एकाच डोळ्यानं बघतेय. दुसरा कुठं उघडा हाय?"

तिसरा राऊंड वाईट गेला. शेवटी शेवटी कल्पितानं सोनलच्या पोटात एक ठोसा घातला, तेवढाच. बाकी सगळे तिनंच खाल्ले. माझ्यावर बसली तेव्हा तिचे गुडघे थरथरत होते, आणि माझा आखूड पाय त्यांच्या तालावर फळीवर वाजत होता. बुधाजीनं टॉवेल उचलला.

"झालं तुझं काम. आता उठू नको."

कल्पितानं तोंडातलं पाणी थुंकलं.

"शेठ बोलला ना तुला?"

"बोलला."

"मंग बस की. तोंड कशाला पाडतेस? सगळ्याच बसल्या हितं, तू काय येगळी हायस?"

"कोन सगळ्या?"

टॉवेल थांबला. बुधाजी चांगला माणूस आहे. इतक्या वर्षांत तो नको ते एकदाच बोलला, आणि ते नेमकं त्या मिनिटात.

"नोई?" तिनं विचारलं.

"पानी पी."

"नोई बसली? मुद्दाम?"

"बसली गो. सांगितलं म्हनून बसली."

"मारिसेल?"

"तिला तीन पोरं. काय करील?"

"दिलफुझाचं तर मी नाक फोडलं होतं, काका!"

"फोडलंस ना. नाक खरं फुटलं. पन बसली ती सांगितलं म्हनून."

मित्रांनो, माणूस माझ्यावर बसतो तेव्हा त्याचं वजन मला कळतं. कल्पिता त्या क्षणी हलकी झाली. इतकी, की माझ्यावर नुसते कपडे ठेवले आहेत असं वाटलं. नाक्यावरचे फलक, ढोल, शाळांची बक्षिसं, आभाळाला जोडलेले हात, सगळं तिच्या अंगातून उतरून गेलं. ती माशासारखं तोंड उघडून श्वास घेत होती.

"अकिन्यी?" तिनं शेवटचं विचारलं.

बुधाजीनं टॉवेल पिळला. पिळण्यासारखा तो ओला नव्हता.

"ती उठली."

केनियाची अकिन्यी. घंटा वाजली तेव्हा ती हसली, तिच्या भाषेत काहीतरी बोलली, बुधाजी म्हणाला, "व्हय बाय, व्हय," आणि ती उठून गेली. चौथ्या राऊंडमध्ये कल्पितानं तिला आडवं केलं. नंतर कळलं, तिचा डावा डोळा अधू झाला, तिचं बॉक्सिंग सुटलं. कल्पिताला त्या एका विजयाची लाज वाटे. त्या लढतीचा फलक तिनं स्वतः उतरवून घेतला होता.

"तिला तू पाडलीस," बुधाजी म्हणाला. "खरीखुरी."

"म्हंजे माझा एकच खरा," कल्पिता म्हणाली. "आणि त्यात तिचा डोळा गेला."

रिंगखाली विपुलशेठ उभे होते. तळहात खाली करून ते हवेत थोपटत होते. बस, बस. कुत्र्याला करतात तसं.

रेफरीनं कोपरे रिकामे करायची खूण केली. बुधाजी दोरातून बाहेर जायच्या ऐवजी तिचा खांदा धरून राहिला.

"बाय, ऐक माझं. डोळा जाईल."

"जाऊ दे."

"अकादमी जाईल. मंग काय करशील? शेतावर राबशील?"

"काका, हात काढ."

"आगो, पन कशासाठी?"

"मला ठावं न्हाय! हात काढ!"

घंटा वाजली आणि कल्पिता उठली. इतक्या जोरात, की मी कलंडून दोरांवर आदळलो. अकिन्यीनंतर ती दुसरी. खोटं कशाला सांगू, आडवा पडल्या पडल्या मला अभिमान वाटला.

ती रिंगच्या मधोमध गेली. मुठी वर. एक डोळा बंद, दुसऱ्यातून पाणी. आणि समोर कुणी नव्हतं.

सोनल मखमली खुर्चीवरच होती. मान खाली, डोक्यावर टॉवेल, दोन्ही हात पोटावर. तिचा कोच दोन्ही हात हलवून रेफरीला नाही, नाही म्हणत होता.

"ऊठ," कल्पिता म्हणाली.

सोनलनं मान हलवली.

"ऊठ गो! ऊठ! एकच राऊंड! सोनल, तुझ्या पाया पडते, ऊठ!"

लॉनवर माणसं होती, पण आवाज तिचा एकटीचा. ती खुर्चीकडे धावली, रेफरी मधे आला. त्यानं तिचा हात वर केला, तिनं खाली ओढला. त्यानं पुन्हा वर केला. मग कुणीतरी टाळ्या सुरू केल्या, आणि सोनलसाठी आणलेले फटाके आणलेच आहेत म्हणून वाजवले गेले. रुसलेली नवरी ओढत न्यावी तसं दोघांनी कल्पिताला तिच्या कोपऱ्यात आणलं. मला सरळ करून माझ्यावर बसवलं.

"काका, खरं सांग." तिनं बुधाजीची कॉलर धरली होती. "माझा लागला का तिला? पोटात मारला होता मी, तिसऱ्यात. तो लागला का? का हिलाही कुणी सांगितलं होतं?"

"हिला कोन सांगनार?" बुधाजी टॉवेलची घडी घालत म्हणाला. "लागला ना. मनगटापर्यंत आत गेला. मी बघितला."

कल्पितानं डोळे मिटले. तिचं वजन हळूहळू माझ्यावर परत आलं.

अकादमीला दुसरा कोच मिळाला. कल्पिता आता दिवेआगरच्या वाळूत गावच्या पोरींना फुकट शिकवते, आणि तो ठोसा करून दाखवते. गुडघा वाकवायचा, खांदा खाली घ्यायचा, आणि बेंबीच्या वर. त्या एका ठोशावर ती उभी आहे. नोईच्या देशातून तिला लढायला बोलावणं आलं आहे. कुठल्या कोपऱ्यात, ते तिनं विचारलेलं नाही.

मी आता लॉनच्या स्वयंपाकघरात असतो. माझ्यावर तांदळाचं पातेलं असतं, आणि आचारी काय काय बोलतात ते ऐकू येतं. मित्रांनो, तुमच्याकडे माझी फार मोठी मागणी नाही. घरातल्या स्टुलाचा पाय हलत असेल तर खाली पुठ्ठा घाला. त्यावर बसणाऱ्याचं आधीच पुष्कळ हललेलं असतं. कुणी उठत असेल तर त्याचा खांदा धरू नका. आणि दिवेआगरला गेलात तर कल्पिताला तो ठोसा दाखवायला सांगा, ती आनंदानं दाखवील. फक्त आचाऱ्यांकडून मी ऐकलेलं तिला सांगू नका.

सोनलनं त्या दुपारी, लढतीच्या आधी, आपल्या चाहत्यांसाठी इथली कोळंबी जेवतानाचा व्हिडिओ काढला होता. कोळंबी आदल्या दिवशीची होती.