बेकरीवरची खोली

टेलरबाई आणि तिचा नवरा डोंगरावर राहायला निघाले तेव्हा शहरातले ओळखीपाळखीचे सगळे एकच म्हणाले, "सुटलात बुवा." नवऱ्याची हयात सिटी बस चालवण्यात गेली होती. निवृत्त झालं की कड्यावर घर घ्यायचं, व्हरांड्यात खुर्ची टाकायची आणि दरीकडे बघत बसायचं, हा त्याचा जुना ध्यास. टेलरबाईने शिलाई मशीन टेम्पोत चढवलं आणि हसतमुखाने त्याच्या शेजारी जाऊन बसली.

घर फोटोत शोभावं असंच होतं. पण फोटोत वारा दिसत नाही. तो व्हरांड्यात खुर्ची टिकू देत नसे. दरी दिसायची ती सकाळी जरा वेळ. मग खालून धुकं चढायचं आणि खिडकीला कुणी पांढरं अस्तर लावल्यासारखं व्हायचं. भर दुपारी दिवा लावून सुई ओवावी लागे. शांतता म्हणावी, तर छपराचे पत्रे घडीभर गप्प बसत नसत. आणि गिऱ्हाईक? एक पँट आखूड करून घ्यायला तेवढा चढ कोण चढून येणार?

पण तिने तोंडातून चकार शब्द काढला नाही. नवरा रोज सकाळी दूध आणि पाव आणायला खाली बाजारात जायचा आणि जेवणाच्या वेळेला चांगला ताजातवाना होऊन परतायचा. माणसाला मानवलंय, ती स्वतःला समजवायची, आपण कशाला मिठाचा खडा टाका.

अशात तिची नणंद हवापालटाला आली. नवऱ्याची थोरली बहीण, इस्पितळात नर्स म्हणून राबलेली, बोलायला सरळसोट. चहाचा कप घेऊन ती खिडकीशी उभी राहिली.

"समोर काय आहे म्हणालीस?"

"दरी, ताई."

"आणि पलीकडे?"

"शिखरं. रांगच्या रांग आहे."

"बरं," थोरली म्हणाली. "तू म्हणतेस तर असतील."

दोन-तीन दिवस तिने शिखरांची वाट पाहिली, मग नाद सोडून विणकाम काढलं.

त्यानंतर एक दिवस नवरा जेवायला परतलाच नाही. पानं वाढून झाली, वाढलेलं निवलं, धुकं तर असं दाटलं की फाटकही दिसेना. टेलरबाईने त्याला फोन लावला, तर तो कपाटावरच वाजायला लागला. खाली जाणारा रस्ता कड्याच्या कडेकडेने होता, आणि वळणावरचा कठडा पावसाळ्यात ढासळला होता.

"चल," थोरली उठली. "बसून काय होणार आहे?"

एकमेकींचा हात घट्ट धरून दोघी उतरायला लागल्या. थोरलीच्या पायात शहरातल्या गुळगुळीत चपला. ती दर पावलाला घसरत होती आणि दर पावलाला भावाच्या नावाने बोटं मोडत होती. वळणावर आल्यावर मात्र तीही थबकली. कडेचं गवत दबलेलं होतं. टेलरबाई गुडघ्यांवर बसली आणि खाली वाकून तिने हाक मारली, "अहो." मग आणखी मोठ्याने. इतक्या वर्षांच्या संसारात तिने हा शब्द कधी असा ओरडून उच्चारला नव्हता.

तेवढ्यात मागून दिवे दिसले. शाळेची व्हॅन होती. चालकाने काच खाली केली.

"काय हो, काय शोधताय?"

"आमचे हे... सकाळी दूध आणायला गेलेत, अजून परतले नाहीत."

"मग बेकरीत असतील ना. रोज तिथेच बसतात."

"रोज?"

"म्हणजे काय. बसा, सोडतो."

बेकरीवाला त्यांना भट्टीमागच्या खोलीत घेऊन गेला. तिथे मैद्याच्या पोत्यांवर, भट्टीकडे पाय करून, नवरा तोंड उघडं टाकून गाढ झोपला होता. भुवयांवर पीठ बसलं होतं.

"रोज मीच उठवतो जेवणाच्या आधी," बेकरीवाला ओशाळून म्हणाला. "आज माल उतरवायच्या गडबडीत विसरलो."

 टेलरबाई शेजारच्या पोत्यावर बसली आणि रडता रडता हसायला लागली. त्या आवाजाने नवरा जागा झाला. समोर बायको आणि बहीण बघून चोरी पकडल्यासारखा उठून बसला.

"तुला वरती करमत नाही का रे?" थोरलीने विचारलं.

त्याने भुवयांवरचं पीठ पुसलं. मग म्हणाला, "हाडं गारठतात गं. आणि सगळा दिवस बोलायला कुणी नाही. इथे जरा ऊब असते, माणसं येतात-जातात. पण हिला ते घर आवडलंय. किती हसत आली होती."

"मी?" टेलरबाई म्हणाली. "अहो, मी तुमच्याकडे बघून हसत होते."

थोरलीने कपाळाला हात लावला.

"आम्हाला वाटायचं, बाईंना एकांत लागतो," बेकरीवाला म्हणाला. "म्हणून कुणी वर येत नाही. आमच्याकडे शिंपी नाही, बायका कपडे घेऊन दोन डोंगर पलीकडे जातात." त्याने वर बोट दाखवलं. "माडीवरची खोली रिकामी आहे. पण आधीच सांगतो, खिडकी उघडली की समोर गोदामाची भिंत."

"भिंत चालेल," दोघं एकदमच म्हणाली.

 थोरली असेपर्यंतच मशीन खाली आलं, आणि बाजारातल्या बायका खोली बघायच्या निमित्ताने उसवलेले कोट घेऊन जिना चढल्या.

कड्यावरचं घर बघायला पुढे एक तरुण जोडपं आलं. टेलरबाईने हातचं काही राखलं नाही. वारा सांगितला, पत्रे सांगितले, वळणावरचा कठडा तर दोनदा सांगितला. मुलगी मन लावून ऐकत होती. मग तिने फोन काढून दरीचा फोटो घेतला आणि विचारलं, "राहायला कधी येऊ?"

टेलरबाईने नवऱ्याकडे पाहिलं. त्याने खिशातून किल्ली काढून मुलीच्या हातावर ठेवली. "काही लागलं तर खाली बेकरीत या," तो म्हणाला. "आम्ही तिथेच असतो." मग दोघं पडद्यांचं गाठोडं दोन्ही बाजूंनी धरून, गप्पा मारत, सावकाश उतरायला लागली.