पंख्यासमोरची चाचणी

लाखांदूरच्या तालुका विज्ञान प्रदर्शनात गुंजनच्या टेबलाभोवती लहान पोरं जमली होती, कारण फिरता पंखा फक्त तिच्याकडे होता. पंख्यासमोर दोरीने टांगलेलं थर्माकोलचं लढाऊ विमान होतं. त्याच्या डाव्या पंखाखाली पुठ्ठ्याच्या नळीचं, लाल टोकाचं क्षेपणास्त्र, आणि ते सोडायला एक सुतळी.

गुंजन नववीत होती. पोरांना समजावताना ती मोठ्या बाईसारखी कमरेवर हात ठेवून बोलायची.

"विमान नवं आहे. क्षेपणास्त्र जुनं आहे, पण चांगलं आहे. एका विमानातून दुसऱ्या विमानावर मारतात थे. मंग फेकाचं काहून? नव्या विमानाले लावून पाहाचं. पहिले जमिनीवर पाहाचं, विमानाचा कम्प्युटर त्याच्यासंग बोलते का. मंग बारूद न भरता घेऊन उडाचं. मंग हवेत सोडून पाहाचं."

"सोडलं का खालीच पडन ना," शालू नावाची चौथीतली पोरगी म्हणाली.

"तसं नाही. विमान जोरात जाते तवा सोडलेल्या क्षेपणास्त्राले हवा वर उचलते. कधी आपल्याच शेपटीवर आपटते. तेच तं पाहाचं आहे."

तेवढ्यात परीक्षक चंद्रकुमार सर आले. पहिल्या नंबरचं मॉडेल भंडाऱ्याला जिल्हा प्रदर्शनात जाणार होतं, आणि दिवाळीपासून गुंजनच्या डोक्यात भंडाऱ्याशिवाय दुसरं काही नव्हतं. तिने पंखा सुरू केला आणि सुतळी ओढली.

क्षेपणास्त्र सुटलं नाही. उलट अख्खं विमान तिरकं झालं.

तिचे वडील सुखराम मागे उभे होते. ते खाकरले. "म्या चिटकवलं सकाळी. एसटीत पडलं असतं तं? रस्ता कसा आहे तुले मालूम नाही का?"

"बाबा, थे पडासाठीच बनवलं ना."

पोरं खिदळली. सरही हसले.

"राहू दे चिकटलेलं," ते म्हणाले. "छान दिसतं. फक्त हे जुनं क्षेपणास्त्र वगैरे बोलू नकोस. नव्या विमानाला जुनं लावलं म्हटलं की लोक हसतात. नवंच आहे म्हण, सुतळीला हात लावू नकोस, मी तुझं नाव भंडाऱ्याला पाठवतो."

सुखरामांनी मान डोलावून 'हो म्हण' अशी खूण केली.

गुंजनने वडिलांकडे पाहिलं, मग सरांकडे. "सर, खऱ्या विमानात असं अडकलं तर पायलटले थे तसंच लटकवून खाली उतरावं लागते. अडकलेलं दाखवून चाचणी झाली कशी म्हणू?"

तिने क्षेपणास्त्र दोन्ही हातांनी धरून ओढलं. थर्माकोलचा लचका निघाला. उरलेल्या पंखाला टाचणीने नवी अडकण करून तिने ते पुन्हा टांगलं, पंखा लावला, सुतळी ओढली.

या वेळी सुटलं. पण तोंड वर करून फिरलं आणि विमानाच्या शेपटीवर आपटलं.

"झालं समाधान?" सर म्हणाले. "आता काय लिहू मी?"

"आपटलं म्हणून लिहा."

"आपटणारं मॉडेल जिल्ह्यावर कसं पाठवू, पोरी? अजून विचार कर. चिकटवून टाक."

"मंग नोका पाठवू सर. चिटकवून मी नाही नेणार."

सर शेजारच्या ठिबक सिंचनाच्या टेबलाकडे वळले. पहिला नंबर तिकडेच जाणार, हे सगळ्यांना कळलं.

"भंडारा गेला ना बापा," सुखराम हळूच म्हणाले.

"गेला तं गेला. तुमी विमान धरा, लय हालून राहिलं." ती पोरांकडे वळली. "आता सांगा, तोंड वर काहून केलं त्यानं?"

शालू म्हणाली, "तोंड हलकं असन."

"मंग काय करू?"

शालू पळत जाऊन कुंडीतली ओली माती घेऊन आली. गुंजनने ती नळीच्या टोकात दाबून भरली. सुखरामांनी विमान दोन्ही हातांनी धरलं.

स्टेजवरून बक्षिसांसाठी नावं पुकारू लागले. शाळेचा शिपाई घाईने आला. "पंखा बंद करा, माईकवर आवाज येऊन राहिला."

"थांबा भाऊ," गुंजन म्हणाली, "आमची चाचणी बाकी आहे." आणि तिने सुतळी ओढली.