आजीच्या नावाचा डबा

दुबईच्या मॉलमध्ये मी नाशिकला आईकडे न्यायला स्टीलचा डबा घेतला आणि सेल्समनला म्हटलं, "यावर नाव घालून द्या." तो हसायला लागला. मला असा राग आला! आमच्या भांडी बाजारात नाव घातल्याशिवाय कोणी भांडं उचलत नाही. लग्नाकार्याला दिलेलं परत ओळखायचं कसं?

ते पंच्याऐंशी साल. मी तिथं नर्स होते. दोन्ही पोरांना सरकत्या जिन्यावरून ओढत मी वर गेले. तिथं ट्रॉफीवर नावं कोरणारा एक मल्याळी बसायचा. त्याला मराठी अक्षरं येईनात. "कागदावर लिहून द्या, तसंच कोरतो," तो मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाला.

सहा वर्षांची प्रज्ञा पुढे झाली. तिथल्या इंग्रजी शाळेत जाणाऱ्या या पोरीला मी रोज रागावून रागावून मराठी लिहायला शिकवलं होतं. तिनं विचारलं, "आजोबांचं नाव ना? धोंडीराम?"

आईनं शिवणकाम करून घेतलेल्या भांड्यांवरही धोंडीरामच होतं.

"त्यांचं पुष्कळ झालं," मी म्हटलं. "आजीचं लिही. चांगुणा."

माझ्या पोरीचं अक्षर स्टीलवर जसंच्या तसं उमटलं.

सुट्टीत डबा आईला दिला. त्याच आठवड्यात शेजारच्या लंकाबाई साखरपुड्यासाठी भांडी मागायला आल्या. आईनं धोंडीरामाची सगळी भांडी काढून दिली. लंकाबाईंनी डब्याला हात घातला तशी आई म्हणाली, "तो राहू द्या. तो माझा आहे."