गुणाबाईचा टोन

शुक्रवारी लूम बंद असतात, म्हणून दीपेशने नवा कीबोर्ड शुक्रवारीच मागवला. एरवी काल्हेरच्या त्या घरात कुकरची शिट्टीही कळायची नाही, कारण मागच्या भिंतीला चिकटूनच कापडाच्या लूमची शेड, मधे नुसतं एक दार. त्या खडखडाटात जुन्या आणि नव्या कीबोर्डातला फरक काय डोंबल कळणार.

दुपारची नमाज आटोपून कीबोर्ड विकणारा एजाजभाई निजामपुऱ्याहून खोकं घेऊन आला. नवा इथे ठेवायचा आणि जुना तो घेऊन जाणार, असं ठरलेलं. संध्याकाळी गावात राघोकाकांच्या मुलाची हळद होती आणि दीपेशला नव्या कीबोर्डावरच वाजवायचं होतं.

दीपेशची बायको रुचिका लेकीला, त्रिशाला, कडेवर घेऊन दारात उभी राहिली. तिला नव्याचं कौतुक नव्हतं की जुन्याचा लळा नव्हता. तिचा जीव अडकला होता तो जुन्यातल्या एका टोनमध्ये, पट्ट्यांवर भरलेल्या एका आवाजात.

त्रिशा दोन वर्षांची झाली तरी तिच्या तोंडून आवाज फुटला नव्हता. बोलणं सोडा, रडतानाही नुसतं तोंड उघडायचं, डोळे वाहायचे, छाती हलायची. जन्मली तीसुद्धा मुक्यानेच. ठाण्याच्या डॉक्टरांनी कान बघितले, घसा बघितला, सगळं ठीक आहे, वाट बघा म्हणाले. शेजारच्या बाया, बाप पण उशिराच बोलला होता, असं सांगून धीर द्यायच्या आणि पाठ वळली की हळहळायच्या. पण दीपेशने जुन्या कीबोर्डावर गुणाबाईचा टोन लावला की पोर कुठे असेल तिथून यायची, कीबोर्डाला गाल लावून बसायची आणि तिचे ओठ हलायला लागायचे. रुचिकाला तेवढ्यावर दिवस काढता येत होते. तो टोन नव्यात नीट उतरला नाही, तर तेवढंही जाणार होतं.

गुणाबाई ही दीपेशची आई. त्रिशाच्या जन्माच्या महिनाभर आधी गेली. आजूबाजूच्या गावांत लग्न असलं की धवले गायला तिलाच बोलावणं यायचं. धवला एकटीने गायचा नसतो. एकीने ओळ सोडायची, दुसरीने झेलायची. गुणाबाईची झेलणारी राहीबाई होती. ती वारली आणि गुणाबाईने गाणंच ठेवून दिलं.

तरी दीपेशने तिला गळ घातली. धवल्याचा खरा आवाज कीबोर्डातून निघाला तर त्याच्या वाजंत्री पार्टीचं नाव होईल, असं त्याच्या डोक्यात बसलेलं. अशाच एका शुक्रवारी बंद शेडमध्ये त्याने माइक लावला. रुचिकाला तेव्हा आठवा महिना लागला होता. वारा लागतो म्हणून ती शेडच्या उंबऱ्यावर पाय पसरून बसली होती.

"झेलाला कोन हाय मना?" म्हातारीने विचारलं.

"मशीन झेलेल, आये," दीपेश म्हणाला होता.

म्हातारीने खाडीकाठी उभ्या बाईची एकच ओळ सोडली आणि सवयीने थांबली. थोडा वेळ शेडमध्ये कुणीच हललं नाही. मग कुणी झेलली असावी तशी तिने मान डोलावली, रुचिकाकडे बघून हसली आणि उठून घरात गेली. दीपेशने ओळीनंतरची शांतता कापून टाकली. जुन्याच्या पोटात जागाच तेवढी, रिकामं कशाला भरायचं? मूळ रेकॉर्डिंग पेन ड्राईव्हमध्ये पडून राहिलं.

एजाजभाईने दोन्ही कीबोर्ड शेजारी शेजारी मांडले. दीपेश डाव्या हाताने जुन्यावर एक सुरावट वाजवायचा आणि उजव्याने तीच नव्यावर. जुन्याची सनई जत्रेतल्या पिपाणीसारखी, तर नव्याच्या सनईत वाजवणाऱ्याचे फुगलेले गाल दिसावेत. जुनी ढोलकी पुठ्ठ्यावर टिचकी मारल्यासारखी, नवीला पुडीवरची शाई आणि ओल दोन्ही होत्या. नव्याच्या पट्ट्याही बोटाचा जोर ओळखत होत्या. हळू दाबलं की आवाज लाजायचा, जोरात दाबलं की अंगावर यायचा.

"जुना गातो चांगला, दीपेशभाई," एजाजभाई म्हणाला, "पण हा नवावाला सांस घेतो."

"माणसासारखा उधारी तर मागणार नाय ना?"

"ते काम माझं."

दोघं हसले. मग दीपेशने आईचा टोन काढला.

आधी जुन्यावर. रुचिकाच्या ओळखीचा तो आवाज आला, चपटा, मधे जोड दिल्यासारखा. खालच्या पट्टीवर गुणाबाई पुरुषासारखी घोगरी व्हायची आणि वरच्या पट्टीवर पोरीसारखी किनरी. ओळ संपली की कात्रीने कापल्यासारखी संपायची. त्रिशाने ओठ हलवले.

मग नव्यावर, पेन ड्राईव्हमधून, अख्खं. या वेळी गुणाबाई खोलीतच आली. घशातली खरखर, शेडचा पत्रा तापल्याची कुरकुर, सगळं.

"खारीचे काठाला कोन गो उभी?"

ओळ संपली. दीपेशचं बोट पट्टीवरच राहिलं होतं. स्पीकरमधून शांतता ऐकू येऊ लागली, म्हातारी थांबून वाट बघतेय ती. आणि मग कुणीतरी झेललं.

"मीच गो उभी, मना घरान घे."

आवाज बारीक होता. म्हातारा नव्हता आणि तरुणही नव्हता. एजाजभाईने विचारलं, ही दुसरी कोण. राहीमावशी असेल, दीपेश म्हणाला, आणि म्हणता म्हणताच गप्प झाला, कारण रेकॉर्डिंगच्या वर्षभर आधीच राहीमावशीला खांदा त्यानेच दिला होता. दुसरी एखादी फाईल मिसळली असेल, एजाजभाईने तोड काढली. खालची पट्टी दाबून बघा म्हणाला, मिसळलेलं असेल तर दोन्ही आवाज सारखेच जाड होतील.

दीपेशने खालची पट्टी दाबली. गुणाबाई घोगरी झाली. झेलणारी होती तशीच राहिली. वरची दाबली. गुणाबाई किनरी झाली आणि झेलणारी परत तशीच.

"असं होत नाय," एजाजभाई म्हणाला. "मशीनमध्ये असं होतच नाय." आणि त्याने स्टँडवरचा हात काढून घेतला.

रुचिका त्यांच्याकडे बघत नव्हती. ती कडेवरच्या पोरीकडे बघत होती. गुणाबाई गायची तेव्हा त्रिशाचे ओठ मिटलेले होते. ते उघडत होते झेलणारीच्या वेळी, तिच्या शब्दाशब्दाला. जुन्यावर पोर इतके दिवस काय म्हणत होती ते रुचिकाला आत्ता कळलं. ती कापलेल्या जागेत गात होती.

"आवाज बंद करून वाजवा," ती म्हणाली.

दीपेशने आवाज शून्यावर आणला आणि पट्टी दाबली. खोलीत काहीच ऐकू आलं नाही. थोड्या वेळाने त्रिशाचं तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं. तिच्या मानेवरची शीर ताणली गेली. आवाज नाही. दीपेशने घाबरून आवाज वाढवला तेव्हा ओळीचं शेपूट स्पीकरमधून आलं, "...घरान घे", आणि नेमकं तेव्हाच पोरीचं तोंड मिटलं.

दीपेशचा चेहरा उतरला. रात्री चारशे माणसांसमोर हे वाजलं तर, असं काहीबाही पुटपुटत तो नव्या कीबोर्डाच्या पडद्यावर वाकला. मागचं कापूनच टाकतो, म्हणाला, आईच्या ओळीपुरतंच ठेवतो.

रुचिकाने त्याचं मनगट धरलं. इतकं घट्ट तिने कधी धरलं नव्हतं.

"तिचा आवाज एकदा कापलात ना," ती म्हणाली. "आता नका."

मग त्याची नजर त्रिशाकडे गेली, तिथून शेडकडच्या भिंतीकडे गेली, आणि त्याने पडद्यावरून हात मागे घेतला. रुचिकाने त्याला कीबोर्ड बंद करायला सांगितला. दोन्ही. एजाजभाईनेच प्लग काढले.

रुचिकाचं माहेर अंबाडीकडचं. तिच्या स्वतःच्या लग्नात डीजे होता, धवला तिने कधी गायला नव्हता. त्रिशाला मांडीवर घेऊन ती जमिनीवर बसली. तिचा सूर लागेना, शब्दही परके. तरी सासूने सोडली होती तशी तिने ओळ सोडली.

"खारीचे काठाला कोन गो उभी?"

आणि थांबली. वाट बघणं किती लांब असतं ते तिला तेव्हा समजलं. मांडीवरची छाती वर झाली, खाली झाली. पोरीच्या घशात काहीतरी अडखळलं, पावसात फुगलेलं दार अडावं तसं.

"मी..." त्रिशा म्हणाली. "मीच..."

आवाज घोगरा होता, ओला होता, आणि तिच्याच तोंडून येत होता. "मना घरान घे," तिने बोबड्या बोलांनी पुरं केलं. दीपेशने तोंडावर हात दाबला. रुचिकाने तिला छातीशी कवटाळलं, घेतलं गं बाय, घरात घेतलं, असं म्हणत ती पुढेमागे झुलत राहिली.

त्रिशाने मात्र मान काढून घेतली. ती आईच्या खांद्यावरून मागे बघत होती, शेडकडच्या बंद दाराकडे. तिने सराईत बाईसारखा घसा खाकरला.

"खारीचे काठाला कोन गो उभी?"

ओळ सोडून ती थांबली. वाट बघू लागली. एजाजभाई आणि दीपेश दोघांच्याही माना दाराकडे वळल्या.

रुचिकाने मागे बघितलं नाही. तिने पोरीचं तोंड दोन्ही हातांनी आपल्याकडे फिरवलं, आणि तिकडून कुणी झेलायच्या आत, बेसूर का होईना, घाईघाईने गायला लागली, "मीच. मीच गो उभी."