माझ्या गळ्यातली रेघ

मित्रांनो, मध्ये काही विचारू नका, आधी नुसतं ऐकून घ्या. मी एकदा सुरू झाले की सुरू झाले, आणि मध्येच थांबले तर पुढचं सांगायचा धीर राहील की नाही, मलाच माहीत नाही.

मी एक जुनी मोटारसायकल आहे. जुनी म्हणजे अगदी म्हातारी नाही हं, तुमच्यापेक्षा लहानच असेन, पण गाड्यांचं वय वेगळं मोजतात. मी त्या लांबलचक, बुटक्या, दणकट जातीची. क्रूझर म्हणतात आम्हाला. माझ्यावर माणूस बसत नाही, आरामखुर्चीत रेलावं तसा रेलतो. मागचं चाक उशीसारखं रुंद, इंजिन दोन थोराड सिलिंडरचं, आणि ओढ अशी की बेसावध माणसाची मान मागे जावी. कारखान्यातून निघाले तेव्हा मला पुसणाऱ्या माणसाने टाकीवर थाप मारली. म्हणाला, "जा, दाणादाण उडव." मला वाटलं, आशीर्वाद दिला.

माझा पहिला मालक गॉगलवाला. तो संध्याकाळीसुद्धा गॉगल काढत नसे, यावरून ओळखा काय ते. पण माझे लाड मात्र केले त्याने. सिग्नलला थांबलो की शेजारचे स्कूटरवाले माझ्याकडे बघायचे आणि गॉगलवाला उगीचच एक्सलेटर पिळायचा. मीही गुरगुरायचे. लाडावले होते ना.

मग एका दुपारी वळणावर वाळू होती. गॉगल होता, म्हणून वाळू दिसली नाही, असं तो नंतर सगळ्यांना सांगायचा. मी सरळ दुभाजकावर गेले, तोंड आपटून. त्याचा खांदा निखळला. माझं काय झालं ते कुणी फारसं बघितलंच नाही. दिवा बदलला, पुढचे पाय, म्हणजे चाक धरणारे दांडे, बदलले, मडगार्ड बदललं. पण जिथे हँडलचा दांडा माझ्या सांगाड्यात शिरतो ना, टाकीच्या जरा पुढे, ज्याला मेस्त्री लोक गळा म्हणतात, तिथे मी आतून तडकले होते. तिथे कुणीतरी घाईत वेल्डिंगचा टाका मारला, वर पुट्टी थापली, घासली आणि रंग दिला. रंग सुरेख लागला, त्यात खोट नाही.

त्यानंतर गॉगलवाला माझ्यावर कधी बसला नाही. ताडपत्री घालून मला जिन्याखाली ठेवलं. मांजरीने माझ्या सीटवर दोनदा पिल्लं घातली. सीट फाटली, क्रोम काळवंडलं, आणि मी वाट बघत राहिले. कुणाची, ते माहीत नव्हतं.

तेव्हा आला फोटोवाला.

हा माणसांचे फोटो काढायचा, पण आतले. दवाखान्यात एक्स-रे काढायचं काम. दिवसभर त्याच्या तोंडी तेच, "हलू नका, श्वास रोखा, सोडा." हाडातली केसाएवढी चीर याला लांबून दिसते, अशी ख्याती. आणि त्यांच्या कामाचा एक नियम असतो बरं का. चीर दिसली तरी पेशंटला सांगायची नाही. ते डॉक्टरांनी सांगायचं. पेशंट विचारतोच, "काही आहे का हो?" तेव्हा चेहरा दगडासारखा ठेवायचा आणि म्हणायचं, "छान आलाय फोटो." हा चेहरा लक्षात ठेवा, मित्रांनो. पुढे लागणार आहे.

फोटोवाल्याने माझ्याभोवती तीन प्रदक्षिणा घातल्या. मग विचारलं, "पडलीये का कधी?"

"सोन्यासारखी गाडी आहे," गॉगलवाला म्हणाला. "कधी जमिनीला टेकली नाही." आणि चटकन बटण दाबलं. बॅटरी त्याने सकाळीच नवी घातली होती. आणि मी, इतक्या दिवसांची उपाशी, एका दमात सुरू झाले. एवढं धडधडून सुरू झाले की पुढचा प्रश्न विचारायचं फोटोवाला विसरूनच गेला.

घरी आणलं तेव्हा त्याची आई खाली उतरली. ही बाई बसस्थानकावर गाड्या पुकारायची, आयुष्यभर. आवाज असा की अजूनही मीठ मागितलं तरी वाटतं, बस सुटतेय.

"काय रे, ही गाडी आहे की रेडा?"

"आई, क्रूझर आहे."

"मग मला मागे बसव. तुझे बाबा सायकलच्या पुढे गेले नाहीत. हजारो माणसं गावोगाव पाठवली मी, आणि स्वतः कुठे गेले? भाजीला."

"समुद्रापर्यंत नेतो. दीपगृह दाखवतो. पण आधी हिला आपली करू दे."

आपली करणं सुरू झालं. मित्रांनो, इतकं प्रेम माझ्यावर कुणी केलं नव्हतं, आणि तरी मला रोज जास्तच भीती वाटायला लागली. का, ते ऐका.

मला बोलता येत नाही. मला फक्त थरथरता येतं, ओढता येतं, वाजता येतं. वेगात असले की मी डावीकडे ओढायचे. म्हणजे सांगायचे, अरे, माझा गळा बघ. त्याने काय केलं? रुंद हँडल बसवलं. "आता बघ कशी ताब्यात राहते." ओढ होतीच, फक्त हाताला कळेनाशी झाली. मग मी थरथरायला लागले. त्याने हँडलला थरथर दाबणारा छोटा दांडा लावला, महागातला, सोनेरी. मित्रांना दाखवला. गळ्यापाशी रंगाला बारीकसा फोड आला होता, आतून गंज ढुशी देत होता, तर त्याने माझं सगळं अंगच काळ्या रंगात रंगवलं. मऊ, न चमकणारा काळा. फोड घासून सपाट केला आणि वर आईचं नाव काढलं, वळणदार अक्षरात. अगदी गळ्यावर.

राहिली एक गोष्ट. ब्रेक दाबला की गळ्यातून आवाज यायचा. टक. बस, एवढाच. आईला गल्लीतून पहिली चक्कर मारून आणली तेव्हा तिने ऐकला.

"हे काय वाजलं?"

"काही नाही गं, नवे भाग बसतायत."

"तुझ्या बाबांचा गुडघा असाच वाजायचा. तेही म्हणायचे, काही नाही."

त्याच आठवड्यात त्याने मोकळा सायलेन्सर बसवला. सायलेन्सर कसला, ढोल होता तो. चौकाच्या पलीकडून कळायचं मी येतेय. टक त्यात बुडून गेला. मला माझाच आवाज ऐकू येईना.

आणि आईने माझी मागची सीट शिवली. फाटलेलं सगळं काढून टाकलं, आत जाड फोम घातला, वर तपकिरी कातड्यासारखं कापड, दुहेरी टीप. शिवताना माझ्याशी गप्पा मारायची. "बाई गं, सांभाळून ने हो. माझी हाडं जुनी, आणि पोरगा हाडांचेच फोटो काढतो, त्याला माझे काढायला लावू नकोस." मी काय बोलणार?

निघालो एका सकाळी. ऊन छान पडलं होतं. आई मागे बसून रस्त्यावरची गावं पुकारत होती, पाट्या वाचून, अगदी स्थानकावरच्या सुरात. पोरगा हसत होता. आणि माझ्या गळ्यात टाका उसवत होता. उतारावर एक खड्डा आला. आत काहीतरी सुटलं. त्यांना फक्त धक्का बसला.

पुढे चहाच्या टपरीवर थांबलो. आईने चहा घेतला आणि फोटोवाला खाली बसला, माझा फोटो काढायला. समोरून, खालून, माझा गळा आणि आईचं नाव येईल असा. मोबाइलवर मोठा करून बघितला.

आणि त्याचे हात थांबले.

बघा ना मित्रांनो, इतके दिवस मी त्याच्या डोळ्यांसमोर होते. चीर दिसली नाही. फोटोत दिसली. आईच्या नावाच्या शेवटच्या अक्षरातून एक रेघ गेली होती, केसाएवढी, आणि रेघेच्या कडेने तांबडं पाणी.

"कसा आलाय रे?" आईने विचारलं.

त्याचा चेहरा दगडासारखा झाला. "छान आलाय," तो म्हणाला.

मग तिला म्हणाला, इंजिन तापलंय, तू बसने पुढे हो. आईने आयुष्यभर थापा मारणारे प्रवासी पाहिलेले. तिने पर्स घेतली आणि बसमध्ये चढली. दीपगृहाच्या नाही, घराच्या.

मला टेम्पोत घालून आणलं. मेस्त्रीने स्क्रूड्रायव्हरने गळा खरवडला तर पुट्टी खपलीसारखी निघाली. खाली जुना टाका, आणि टाक्यातून आरपार भेग.

"ही कधीतरी जोरात आपटलेली आहे," मेस्त्री म्हणाला. "सांगाडा गेला हिचा."

"बदलता येईल?"

"या गाडीचा सांगाडा आता कुठे मिळत नाही."

"मग पुन्हा टाका मारू."

"टाका मारता येतो. भरवसा देता येत नाही. उद्या सुटेल, नाहीतर दोन वर्षं सुटणार नाही. पण सुटेल तेव्हा पुढचं चाक एकीकडे आणि माणूस एकीकडे. सुटे भाग विका आणि हिला मोडीत घाला. देवाने वाचवलंय, पुन्हा परीक्षा घेऊ नका."

मोडीत. मला वाईट वाटलं का? वाटलं ना, खोटं कशाला बोलू. पण हलकंही वाटलं. म्हटलं, सुटले. आता माझ्या हातून कुणाचं काही होणार नाही.

घरी आईने सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "वाचलो. आता मोडीत दे. आणि विकायचीच असेल, तर घेणाऱ्याला सांग. स्पष्ट."

"सांगतो ना."

"तुझं 'सांगतो ना' मला ठाऊक आहे."

फोटोवाला दोन-तीन संध्याकाळी माझ्यासमोर स्टूल टाकून बसला. सोनेरी दांड्यावरून हात फिरवायचा. रागावला होता, पण माझ्यावर नाही. "दवाखान्यात सगळ्यांच्या चिरा मी शोधतो," पुटपुटायचा, "आणि मलाच गंडवलं." आणि एकदा अगदी हळू म्हणाला, "मला कुणी सांगितलं होतं का?"

तेव्हा मला कळलं, मी मोडीत जाणार नाही.

दुसऱ्या गल्लीत एक वेल्डर होता, काही न विचारणारा. टाका बसला. पुट्टी बसली. तोच मऊ काळा रंग बसला. फक्त आईचं नाव पुन्हा काढलं नाही.

घ्यायला एक तरणा मुलगा आला, नुकता नोकरीला लागलेला, सोबत त्याचे बाबा. मुलाला माझ्याभोवती फिरताना धाप लागत होती आनंदाने. बाबा शांत. मागच्या सीटवर हात ठेवून म्हणाले, "गादी छान शिवलीये. कुणी शिवली?"

"आईने," फोटोवाला म्हणाला. ते तरी खरं होतं.

"बाबा, बसा ना मागे. बघा जमतंय का."

बाबा बसले. साधारण आईच्याच वयाचे. गुडघ्याला त्रास असावा, पाय उचलताना तोंड वाकडं झालं. मग बसल्या बसल्याच त्यांनी विचारलं, अगदी सहज, "पडलीये का हो कधी?"

वर गॅलरीत आई आली होती. कठड्याला धरून खाली वाकली. फोटोवाल्याने तिला पाहिलं. आणि त्याने चटकन माझं बटण दाबलं.

मी सुरू झाले. मित्रांनो, मला दुसरं काही येतच नाही हो. बटण दाबलं की सुरू व्हायचं, तेवढंच मला कारखान्यात शिकवलंय. ढोल वाजायला लागला. वर आईचे ओठ हलत होते. जिचा आवाज भरल्या बसस्थानकात शेवटच्या फलाटापर्यंत पोचायचा, तिचा शब्द दोन मजले उतरून खाली आला नाही. माझ्याच आवाजात बुडाला. मग तिने हाताने विचारलं, बोट त्या बाबांकडे करून. सांगितलंस?

फोटोवाल्याने वर बघून मान हलवली. हो.

आई आत गेली.

मग तो बाबांकडे वळला. चेहरा दगडासारखा. क्षणभर थांबला, जणू स्वतःलाच श्वास रोखायला सांगितलाय. आणि सोडला.

"सोन्यासारखी गाडी आहे," तो म्हणाला. "कधी जमिनीला टेकली नाही."

आता मी त्या मुलाकडे आहे. मला रोज पुसतो. माझ्या टाकीवर स्वतःच्या हाताने पक्ष्याचे पंख रंगवलेत, जरासे वाकडे, पण मला आवडतात. बाबांचे लाडही तसेच, त्यांच्यासाठी पाठीला टेकायला दांडा लावून घेतलाय. काल उतारावर पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करून त्याने ब्रेक दाबला तेव्हा बाबा म्हणाले, "काहीतरी वाजलं का रे?"

"काही नाही बाबा. नवी आहे ना आपल्याला. होईल सवय."

रविवारी दोघं लांब जाणार आहेत. हवा बघितली, टायर बघितले, तेल बघितलं. गळा कुणी बघितला नाही.

तुम्ही कुणाची जुनी गाडी घ्याल तेव्हा रंगावर भाळू नका, गळ्यावरून बोट फिरवा. आणि तुमची विकाल तेव्हा बोट फिरवणाऱ्याचा हात धरून त्या जागेवर ठेवा. पण हे सांगायला सोपं आहे. मला अजून तो एकच क्षण आठवतो. इंजिन चालू आहे, वर आई विचारतेय, मागे एक म्हातारा माणूस बसलाय, आणि तुम्ही गाडी घेतलीत तेव्हा तुम्हालाही कुणी काही सांगितलं नव्हतं. बटणाजवळ तुमचा अंगठा आहे.

खरं सांगा, मित्रांनो. तुम्ही काय केलं असतं?