घडीची खुर्ची

पाहुणे रंध्याची गोष्ट सांगत होते, तेवढ्यात कॉकपिटमधला प्रिंटर कुरकुरला. विमान नुकतेच ढगांच्या वर आले होते. मास्तरांनी कागदाची पट्टी फाडली, वाचली, चार घड्या घातल्या आणि शर्टाच्या खिशात टाकली.

"हवामान?" पाहुण्यांनी विचारले.

"हं. तू सांग. पात्याचं काय झालं?"

पाहुणे दोन्ही वैमानिकांच्या मागे जंपसीटवर बसले होते. जंपसीट म्हणजे कॉकपिटच्या भिंतीतून ओढून काढायची घडीची खुर्ची. ते स्वतः कॅप्टन होते, पण नोकरीचे विमानतळ एका शहरात आणि घर दोन तासांच्या उड्डाणावर दुसऱ्या शहरात. अकरा वर्षे ते असेच दुसऱ्यांच्या विमानात मागे बसून ये-जा करत. म्हणून कंपनीत त्यांचे नाव पडले पाहुणे. मास्तर त्यांच्याच तुकडीतले कॅप्टन. दिसेल त्याला शिकवायची खोड, म्हणून मास्तर.

"पातं सिक्युरिटीवाल्यानं काढून घेतलं," पाहुणे म्हणाले. "म्हणतो, साहेब, तुम्हीच असं करायला लागलात तर लोकांना काय सांगायचं? बावीस वर्षं विमान चालवतोय आणि रंधा हातातल्या बॅगेत! आता बिनपात्याचा रंधा घेऊन घरी चाललोय. बायको पोट धरधरून हसणार."

उजव्या खुर्चीतली सहवैमानिक खुदकन हसली. नव्याने लागलेली मुलगी होती.

"पण सर, रंधा कशाला?"

"गच्चीचं दार अडतं. लाकूड फुगलंय. ती खांद्यानं धक्का मारून उघडते. चार महिने सांगतेय मला. म्हणते, एवढी माणसं भरलेलं विमान बरोबर रेषेवर उतरवतोस आणि एक दार घासता येत नाही तुला."

"सर, एक खरं सांगा. परवडतं का हो हे? मलाही तिकडचीच पोस्टिंग आलीये. नवरा म्हणतो, बिऱ्हाड हलवू. मी म्हणते, ये-जा करू."

"नाही परवडत," पाहुणे म्हणाले. "साडेतीनला उठायचं. जागा मिळेल की नाही म्हणून गेटवर तोंड पाडून उभं राहायचं. तिकडे सहा जणांच्या खोलीत दुसऱ्याच्या घोरण्यात झोपायचं. सुट्टीचे दोन दिवस येण्याजाण्यातच जातात. मुळीच परवडत नाही."

"मग?"

"मग काय? करायचं."

मुलगी पुन्हा हसली. एरवी अशा वेळी मास्तरांनी तासभर शिकवणी घेतली असती. आज ते शिकवत नव्हते, नुसते विचारत होते. बायको तिकडे राहायला का येत नाही? तू कॅप्टन झालास तेव्हा काय म्हणाली? पहिल्यांदा भेटलात तेव्हा आधी कोण बोललं? पाहुण्यांना नवल वाटले, पण माणूस विचारतोय म्हटल्यावर ते सांगत गेले. घराच्या तळमजल्यावरची तिची बालवाडी, तिथली चाळीस पोरे, "एवढी पोरं सोडून तुझ्या विमानतळाच्या आवाजात येऊन बसू होय?" हे तिचे ठरलेले वाक्य. पहिल्या भेटीत ती म्हणाली होती, "तुमच्या शर्टाचं बटण तुटलंय, आणि तुम्हाला ते माहीत आहे." मग त्यांनी तो शर्ट किती वर्षे टाकला नाही, तेही सांगितले. मुलगी मघाशी रेडिओवर बोलत होती. मास्तरांनी तिला हलक्या आवाजात काहीतरी सांगितले, त्यानंतर तिने मागे वळून पाहिले नाही. कंटाळली असेल, असे पाहुण्यांना वाटले. खाली उतरण्याआधी प्रिंटरमधून आणखी एक पट्टी आली. तीही त्याच खिशात गेली.

विमान थांबले, माणसे उतरली. मुलगी टोपी घेऊन बाहेर गेली. मास्तरांनी कानांवरचा हेडसेट काढला, खुर्ची मागे वळवली आणि बायको गेल्याचे सांगितले. सकाळी गच्चीवर. हृदय. पाहुण्यांची मुलगी घरी पोचली आहे, मेव्हणी बाहेर गाडी घेऊन उभी आहे.

"कधी कळलं तुला?"

"उतरायच्या वीस मिनिटं आधी."

पाहुण्यांनी पट्टा सोडला. ते उठताच खुर्ची खाड्कन भिंतीत मिटली. त्यांनी बॅग उचलली. आत बिनपात्याचा रंधा होता.

बायको गच्चीवर वाळत घातलेले कपडे काढायला गेली होती. पडल्याचा आवाज शेजारणीने ऐकला. ती जिना चढून आली, पण दार उघडेना. तिने खाली जाऊन नवऱ्याला आणले, दोघांनी मिळून खांदे लावले, तेव्हा उघडले. डॉक्टर म्हणाले, दार लगेच उघडले असते तरी फरक पडला नसता. पाहुण्यांनी त्यांना तसे काही विचारले नव्हते.

दोन महिने झाले. मास्तरांचे तीन फोन आले, पाहुण्यांनी उचलले नाहीत. मास्तर ज्या विमानावर असतील ते विमान टाळून, आदल्या दिवशीच निघून, ते ड्यूटीवर जात राहिले. वीस मिनिटे एक माणूस त्यांच्या पुढ्यात पाठ करून बसला होता आणि त्याला माहीत होते. हे त्यांच्याने गिळवत नव्हते.

घरात सगळ्यांचे एकच चालले होते.

"बाबा, आता ही ये-जा कुणासाठी करताय?" मुलीने विचारले. बालवाडी तिच्या आईच्या हाताखालच्या बाईंनी सांभाळली होती. खालून पोरांचा गलका येत होता.

"कुणासाठी करत नव्हतो. घरी येत होतो."

"पण घरी आहे कोण आता?"

"मी येतो ना."

मेव्हणी समजुतीच्या सुरात म्हणाली, "भाऊजी, हट्ट पुरे. घर विका, तिकडे चांगला फ्लॅट घ्या. निदान झोप तरी मिळेल."

"दार अडतंय त्या घराचं. कोण घेणार?"

"मग दुरुस्त करून घ्या. सुताराला मी पाठवते उद्या."

"सुतार नको."

ते इतक्या जोरात म्हणाले की खालची पोरे क्षणभर गप्प झाली.

त्यातच कंपनीचा नवा नियम आला. नोकरीच्या विमानतळापासून गाडीने दोन तासांच्या अंतरात राहा, नाहीतर घरच्या शहरातल्या लहान विमानावर या. लहान विमानावर जागा होती, पण उजव्या खुर्चीची, म्हणजे सहवैमानिकाची; डावी कॅप्टनची असते. सोबत फॉर्म होता, दोन चौकटींचा. पाहुण्यांनी एकाही चौकटीत खूण केली नाही. खालच्या मोकळ्या जागेत लिहिले : घर हलणार नाही. डावी खुर्ची सोडणार नाही. अकरा वर्षांत एकही ड्यूटी चुकलेली नाही.

कंपनीच्या मुख्य वैमानिकाने तो फॉर्म वाचला आणि चष्मा काढला.

"तुमच्यावर काय गुदरलंय ते मला कळतं. पण तुम्हाला सूट दिली तर उद्या दहा जण दारात उभे राहतील."

"राहू द्या की. येतात ना वेळेवर?"

"एक ड्यूटी चुकू द्या. मग मी काही ऐकणार नाही."

"चुकली की बोला."

आणि बरोबर त्याच आठवड्यात सकाळचे विमान रद्द झाले. आदल्या दिवशीच्या विमानात त्यांना जागा मिळाली नव्हती. आता एकच विमान उरले होते, गच्च भरलेले. रिकामी होती फक्त जंपसीट. गेटवरच्या बाईंनी पडद्यावर पाहून कॅप्टनचे नाव सांगितले. ते मास्तर होते.

जंपसीटचा एक नियम असतो. ती कॅप्टनची मेहेरबानी असते. कॉकपिटच्या दारात स्वतः उभे राहून विचारावे लागते. सख्खा भाऊ असला तरी आणि हुद्द्याने मोठा असला तरी. न विचारता कोणी बसत नाही आणि निरोप धाडून कोणी विचारत नाही. पाहुणे गेटपाशी पाच मिनिटे उभे राहिले. घरी परत जायला टॅक्सीने चाळीस मिनिटे लागली असती. मग उजवी खुर्ची होती, लहान विमान होते, आणि मुख्य वैमानिकाचा चष्मा काढलेला चेहरा होता.

ते दारात जाऊन उभे राहिले.

"कॅप्टन, जागा आहे का?"

मास्तर हातातल्या कागदावरच बघत राहिले.

"आहे. बस."

पाहुण्यांनी खुर्ची ओढून काढली आणि पट्टा बांधला. मास्तरांच्या मानेवरचे केस वाढले होते. दोन महिन्यांपूर्वी हीच मान त्यांनी पाहिली होती. विमान ढगांच्या वर आले आणि प्रिंटर कुरकुरला. मास्तरांनी पट्टी फाडली आणि न वाचता खांद्यावरून मागे धरली.

"वाच."

पाहुण्यांनी वाचली. वारा, दृश्यता, तापमान.

"हवामान," ते म्हणाले आणि पट्टी परत दिली.

थोड्या वेळाने या खेपेचा सहवैमानिक स्वच्छतागृहात गेला. कॉकपिटमध्ये कायम दोन माणसे हवीत असा नियम असतो. दुसरे पाहुणे होतेच.

"ती कुठंय?" पाहुण्यांनी विचारले.

"कोण?"

"चिठ्ठी. त्या दिवशीची."

मास्तरांनी लायसन्सचे पाकीट काढले. चिठ्ठी त्यात होती, त्याच चार घड्यांत. कागद घड्यांवर पिवळा पडला होता, अक्षरे उडायला लागली होती. पण वर छापलेली वेळ दिसत होती. पाहुण्यांनी ती दोनदा वाचली. विमान निघाल्यापासूनचे चौदावे मिनिट.

"पावणेदोन तास," ते म्हणाले.

"हो."

"वीस मिनिटं म्हणालास."

"म्हणालो."

"तेव्हाच सांगायला हवं होतंस."

"सांगितलं असतं तर काय केलं असतंस? दार उघडून उतरला असतास?"

"हो."

मास्तरांनी समोरच्या एका दिव्यावर बोट ठेवले आणि काढून घेतले.

"वीस मिनिटांसाठी मी तुझं तोंड बघत नव्हतो," पाहुणे म्हणाले.

"ठाऊक आहे."

"माफ केलेलं नाही मी."

"मी कुठं मागितलीये?"

पाहुण्यांनी चिठ्ठी जुन्या घड्यांवर पुन्हा मिटली. चौदावे मिनिट म्हणजे रंध्याची गोष्ट. म्हणजे पहिल्या भेटीचे, बटणाचे, बालवाडीतल्या पोरांचे, सगळे त्यानंतरचे. दोन महिन्यांत घराचे काय करणार हे त्यांना प्रत्येकाने विचारले होते. बटणाचे कोणी विचारले नव्हते. त्यांनी चिठ्ठी आपल्या खिशात ठेवली. मास्तरांनी परत मागितली नाही.

"ती मुलगी," मास्तर म्हणाले, "तुझ्या मागं लागली होती ना, परवडतं का म्हणून. ये-जा करतेय ती. तिकडे तुमच्याच जागेत नाव घातलंय तिनं, बायकांच्या खोलीत."

"वेडी आहे."

"हो. मी पण तेच म्हणालो."

बाहेरून दारावर ठरल्याप्रमाणे दोनदा टकटक झाली. मास्तरांनी कुलूप सोडण्याआधी मागे वळून पाहिले. त्या सबंध प्रवासात ते पहिल्यांदाच वळले.

"दार झालं का रे?"

पाहुण्यांनी नकारार्थी मान हलवली. सहवैमानिक आत आला, बसला, त्याने पट्टा बांधला.

पाहुण्यांनी ड्यूटीवर सही केली तेव्हा वेळेला अकरा मिनिटे बाकी होती. मुख्य वैमानिक आपल्या केबिनच्या दारात उभा होता. त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले, मग पाहुण्यांकडे.

"चुकली का?" पाहुण्यांनी विचारले.

तो केबिनमध्ये वळला. टेबलावरचा तो फॉर्म अजून तिथेच होता, दोन्ही चौकटी रिकाम्या.

पाहुण्यांनी टोपी घातली आणि ते आपल्या विमानाकडे निघाले. चार दिवसांनी त्यांना घरी जायचे होते. रंध्याला नवे पाते आणून महिना झाला होता. ते जिन्याच्या वरच्या पायरीवर, कागदात गुंडाळलेले, तसेच पडून होते. गच्चीचे दार घासायचे राहिले होते.