आत्याची कात्री आणि तीसपैकी नऊ

आत्या नापास झाली. तीसपैकी नऊ. हा निकाल लागलाच नाही असं धरून पुढे वाचावं. आम्हीही तसंच करतोय.

आत्या पन्नास वर्षं शिवणकाम करते. शाळेत ती एकूण दोन दिवस गेली, त्यातला एक सुट्टीचा निघाला. गेल्या महिन्यात तिच्या हातून एका शर्टाला दोन्ही बाह्या डाव्याच लागल्या. तिच्या मुलाने, म्हणजे आमच्या दादाने, धसकाच घेतला. तिची कात्री लपवली आणि डोकं शाबूत असल्याचा कागद आणल्याशिवाय परत मिळणार नाही, असं जाहीर केलं. आठवडाभर आत्या खिडकीत नुसती बसून. जेवणही नावापुरतं.

म्हणून दवाखान्यात ही स्मरणशक्तीची तपासणी, सोबतीला दादा आणि मी. परीक्षक ताईंनी पेन्सिल देऊन घड्याळ काढायला सांगितलं. आत्या म्हणाली, भिंतीवर आहे की चांगलं चालू. शंभरातून सात-सात वजा करा म्हटल्यावर तिने विचारलं, कशासाठी? ते ताईंनाही माहीत नव्हतं. मग कागदाची घडी घालून जमिनीवर ठेवायची होती. घडी इस्त्रीने लाजावं अशी घातली, पण घडीची वस्तू जमिनीवर ठेवायला साफ नकार. गेला तोही गुण.

ताई मात्र भल्या. शाळा न पाहिलेल्यांसाठी वेगळी तपासणी असते म्हणाल्या आणि दुसऱ्या दिवशी बोलावलं. या वेळी पेन्सिल नव्हतीच. टेबलावरच्या दहा वस्तू दाखवून झाकल्या, अर्ध्या तासाने विचारल्या. आत्याने दहाही सांगितल्या, वर ताईंच्या कोटाचा डावा खांदा बोटभर उतरलाय हेही सांगितलं. मी मनातल्या मनात सहावर अडकलो होतो.

"यांना काहीही झालेलं नाही," ताई म्हणाल्या. "बाही कुणाचीही चुकते."

दादाने इतका मोठा सुस्कारा सोडला की टेबलावरचा फॉर्म उडाला.

घरी आल्याबरोबर तो कात्री आणायला गेला. कपाट झालं, माळा झाला, पिठाचा डबा झाला. तासाभराने घाम पुसत बाहेर आला. कुठे ठेवली तेच आठवेना.

"गादीखाली बघ," आत्या म्हणाली. "प्रगतिपुस्तकं तिथेच लपवायचास."

तिथेच होती. आत्याने ती दोनदा हवेत चालवून पाहिली आणि आठवड्यात पहिल्यांदा पोटभर जेवली.

तरी संबंधित खात्यास नम्र विनंती, की यापुढे आईची कात्री जप्त होण्यापूर्वी जप्त करणाऱ्या मुलाची तपासणी व्हावी, त्यासाठी घरटी एक परीक्षक कायमस्वरूपी नेमण्यात यावा, व आमच्या वाट्याच्या परीक्षकाने दादाच्याच खोलीत मुक्काम करावा.